आईने थांबवलेली सुई

दर तीन आठवड्यांनी मी कमरेत इंजेक्शन घेते. पेनिसिलिनचं, घट्ट औषध. आत जाताना जो ठणका लागतो तो दिवसभर सोबत राहतो. दवाखान्यातल्या नर्स आता ओळखीच्या झाल्यात, "आज कुठली बाजू?" एवढंच विचारतात. ऑफिसात कुणी म्हणालं, लंगडतेस का गं, तर मी सरळ सांगते, हृदयासाठी सुई घेऊन आले. लोक दचकतात. दचकू देत. ही सुई लपवण्यापायी माझा जीव जायची वेळ आली होती, त्यामुळे लपवाछपवीचा मला मनापासून तिटकारा आहे.

माझं माहेर लालबागचं, चाळीत तिसरा मजला. आई मालवणी मसाल्याच्या ऑर्डरी घ्यायची. एप्रिल-मे म्हणजे घरात मिरच्या भाजायच्या, खाली नेऊन कुटून आणायच्या, वर आणून चाळायच्या. अख्ख्या मजल्याला खाट, म्हणजे मिरचीचा ठसका. शेजारीपाजारी खोकत, शिंकत, डोळे पुसत आणि वर "वहिनी, आमचा दोन किलो धरा हां" असं सांगून जात. त्या दिवसांत घसा दुखतो ही आमच्याकडे तक्रारच नव्हती. घसा दुखायचाच. "खाट लागलाय गो, गुळण्या कर," की झालं आईचं औषधपाणी.

मी सहावीत होते तेव्हा असाच घसा धरला. गिळता येईना, ताप भरला. गुळण्या केल्या, बरी झाले. पुढे काही आठवड्यांनी गुडघा टम्म सुजला. तो उतरतोय तोवर घोटा, मग मनगट. दुखणं अंगभर फिरायला निघाल्यासारखं. आईने तेल चोळलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, पोरगी उंच होतेय, हाडं ताणतात. शेवटी आई मला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मला बाहेर बसवलं आणि आईशी हळू आवाजात बोलले. मग इंजेक्शनं सुरू झाली. वर्षभर चालली असतील. एक दिवस आई म्हणाली, "आता नाय जायचं." मी कशाला विचारतेय का म्हणून! उड्या मारल्या.

लग्न होऊन नायगावच्या चाळीत गेले. नवरा बसमध्ये कंडक्टर, सासूबाई घाटावरच्या. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. बाजारातून येताना मी जिन्यात थांबायचे. सासूबाई वरून ओरडायच्या, "काय गं, भात खाऊन खाऊन जड झालीस होय?" मीही हसायचे आणि हसता हसता दम खायचे. दिवस गेले तेव्हा हा दम वाढला. जो तो म्हणे, पोटुशी बाईला धाप लागतेच, त्यात काय एवढं! सहाव्या महिन्यात मला आडवं होता येईना. आडवं झालं की बुडाल्यासारखं व्हायचं. पाठीशी उशा रचून बसल्या बसल्या डुलक्या काढायचे. इकडे सातव्यातल्या डोहाळजेवणाचे बेत चालले होते. एका सकाळी खोकले तर थुंकीत लाली दिसली. नवऱ्याने टॅक्सी केली आणि थेट परळचं हॉस्पिटल गाठलं. निरोप मिळताच आई धावत आली.

तिथली डॉक्टर तरुण होती, माझ्याच वयाची. खाटेच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासूबाई. डॉक्टरने नळी लावली आणि तिचा चेहरा बदलला. आईकडे वळून म्हणाली, "मावशी, हिला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? इंजेक्शनं दिली होती?"

आईने आधी सासूबाईंकडे बघितलं. मग म्हणाली, "नाय हो डॉक्टर. कधी काय नाय. चांगली धडधाकट होती."

मी आईकडे बघतच राहिले. बोलायला श्वास नव्हता. "होती," मी म्हणाले, आणि दम घेतला. "सुई." एवढं बोलेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली. पण डॉक्टरला तेवढं पुरलं.

तपासण्या झाल्यावर तिने आम्हाला बसून समजावलं. घशात एक जंतू शिरतो. शरीर त्याच्याशी लढायला उठतं आणि त्या भांडणात आपलं कोण, परकं कोण हेच विसरतं. सांध्यांवर तुटून पडतं, हृदयावर तुटून पडतं. सांधे सावरतात. हृदयातल्या झडपा मात्र जाड होतात, एकमेकींना चिकटतात. गणपतीच्या आधी घाईघाईने रंग दिला की दारं चिकटून बसतात ना, मी मनात म्हटलं, तसंच झालंय. फटीतून जेवढं जाईल तेवढंच रक्त पुढे जात होतं. आता दोन जिवांचं रक्त त्या फटीशी अडलं होतं आणि मागे फुप्फुसात पाणी साचत होतं. म्हणूनच दम. आधी औषधांनी पाणी कमी करायचं, मग मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुग्याने झडप उघडायची. "नाही केलं तर?" नवऱ्याने विचारलं. डॉक्टर म्हणाली, "पुढच्या महिन्यांत भार वाढतच जाणार. दोघांनाही धोका आहे."

डॉक्टर गेली आणि आईचा बांध फुटला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हृदयाला लागलंय, मोठी होईपर्यंत सुई चुकवू नका; परत घसा धरला की झडप आणखी खराब होईल. पण दवाखाना पडला भर नाक्यावर. चाळीतल्या बायका विचारायला लागल्या, पोरीला सारखी सुई कशाला हो? आईला भीती वाटली. हृदयाची पोरगी म्हणून नाव झालं तर उद्या हिला करणार कोण? शिवाय पोरगी खेळत होती, खात होती. तिने सुई बंद केली. पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात माझा घसा धरला आणि प्रत्येक वेळी आम्ही तो खाटाच्या नावावर घातला.

मला आईचा भयंकर राग आला. पोटात बाळ नसतं तर उठून भिंतीवर काहीतरी आपटलं असतं. आणि त्याच वेळी तिची कीवही आली. तिला वाटलं, आपण लेकीचं आयुष्य वाचवतोय. लग्न म्हणजेच आयुष्य असं तिला सगळ्यांनीच तर शिकवलं होतं.

आई सासूबाईंचे पाय धरायला वाकली. "विहीणबाई, मी तुम्हाला फसवलं."

मला वाटलं, झालं, आता इथेच महाभारत. सासूबाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. "गप बसा. मी रोज डोळ्यांनी बघत होते तिला जिन्यात थांबताना. जड झालीस म्हणायचे मी तिला! तुम्ही लपवलंत, पण मला डोळे असून दिसलं नाही." आणि त्याही रडायला लागल्या. मी मध्ये श्वासासाठी तडफडतेय आणि ह्या दोघी, चूक माझी, नाही माझी, म्हणून भांडतायत. धन्य!

फुप्फुसातलं पाणी ओसरल्यावर फुग्याचा दिवस ठरला. बाळाला किरण लागू नयेत म्हणून पोटाभोवती शिशाचा जड पडदा बांधला. मी जागीच होते. सगळा वेळ एकच विचार: माझं काय व्हायचं ते होवो, ह्याला काही होऊ नये. पुढे डॉक्टर म्हणाली, "आता फुगवतोय," हृदय क्षणभर अडखळलं आणि परत चालू लागलं. बस्स, एवढंच.

वॉर्डात आणलं, डाव्या अंगाला जरा कलतं ठेवून निजवलं. पुढचं मला ठाऊक नाही, कारण मी झोपले. जाग आली ती गालावर थापट्या बसल्या तेव्हा. आई "गो बाय, डोळे उघड गो!" करून किंचाळत होती, सासूबाई दारात उभ्या राहून "सिस्टर! सिस्टर!" करत होत्या. कित्येक दिवसांत दोघींनी मला आडवं झोपलेलं बघितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, गेली.

माझं डोकंच फिरलं. "अगं झोपलेय मी, मेले नाही, इतक्या दिवसांनी जरा डोळा लागलाय तर तुम्ही दोघी मिळून माझ्या थोबाडीत काय मारताय, जरा शांतपणे झोपू द्याल की नाही मला!"

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मलाही तेव्हाच कळलं, एवढं सगळं मी मध्ये कुठे न थांबता बोलले होते.

सिस्टर धावत आली. तिने माझ्या पोटावर यंत्र टेकवलं. खरखर झाली आणि मग बाळाचे ठोके ऐकू आले, भरभर, एकसारखे. सिस्टरने यंत्र पुसलं आणि त्या दोघींना म्हणाली, "बाळ छान आहे. आता बाहेर बसा बघू. हिला भांडायला दम आलाय."

दोघींपैकी एकही बाहेर गेली नाही.