लोलाचं कपाळ

काल व्हिसाच्या फोटोला बसलो. फोटोवाल्यानं माझे केस मागे सारले, "काका, कपाळ दिसू द्या." मला किळस आली. त्याची नव्हे, स्वतःची.

फिलिपिन्समध्ये, दावाओला, मी जपानला कामगार पाठवणाऱ्या एका कंपनीत जपानी भाषेचा दुभाष्या होतो. युद्धाआधी तिथं आलेल्या जपानी बापांची मुलं शोधायची. त्यांना जपानचं नागरिकत्व मिळालं, की नातवंडांना व्हिसा मिळे आणि कंपनीला कामाला हात. एका लोलाकडे, म्हणजे आजीकडे, बाप जपानी असल्याचे कागदच नव्हते. युद्धानंतर लोक सूड घेतील म्हणून तिच्या आईनं जाळले होते. मग पुरावा म्हणून चेहऱ्याचा फोटो काढायला मीच तिचे केस मागे ओढले.

"लोला, वडिलांचा चेहरा दिसू दे."

"हाच लपवायला आई माझे केस पुढे ओढायची," ती हसून म्हणाली. "तुम्हा लोकांचं एकदा काय ते ठरवा."

अर्ज मंजूर झाला. नातू कारखान्यात गेले. ती विचारत राहिली, "वडिलांचं गाव बघायला मी कधी जायचं?"

"पुढच्या खेपेला, लोला."

तिला न्यायचं कंपनीच्या मनातच नव्हतं. मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

ती जपानी नागरिक म्हणून दावाओतच वारली. नातवांना रजा मिळाली नाही. मी तिची फाइल बंद केली आणि जेवायला गेलो. पोटभर जेवलो.