तळ्याकाठचं पांढरं छप्पर

कोकणच्या वास्तुकलेवर उत्तर युरोपाचा प्रभाव किती खोलवर गेला आहे, याचा अभ्यास व्हायला हवा. आमच्या गावापुरता तो तळ्याकाठच्या एका लाकडी बंगल्याइतका खोल आहे, आणि तोही फक्त समोरून.

त्या बंगल्याचा राखणदार पर्यटकांना फाटकातच अडवायचा. काठी छपराकडे रोखून कचेरीतल्या मराठीत म्हणायचा, "आधी वर बघायचं." सगळ्यांच्या माना वर गेल्या की मगच इतिहास सुरू होई.

इतिहास असा. मुंबईच्या एका साहेबाने परदेशातून तळ्याकाठच्या हवेलीचं चित्र आणलं आणि उन्हाळ्यात राहायला अगदी तसंच घर मागितलं. काम मिळालं राखणदाराच्या वडलांना. ते देवबागचे, होड्या बांधणारे. चित्रात घराची पुढची बाजू होती, तेवढी त्यांनी हुबेहूब उतरवली. मागची बाजू चित्रात नव्हती, म्हणून तिथे चिरे, पडवी आणि तुळस आहे.

साहेबाला घाम काढायची एक खोलीही हवी होती. ती बांधली गेली. मे महिन्यात मालवणात घाम काढायला वेगळी खोली कशाला, हे मात्र वडलांना शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे राखणदार तिथे आंब्यांची अढी घाली.

चित्रातलं छप्पर पांढरं होतं. वडलांनी फळ्यांच्या छपरावर होडीच्या बुडाला लावतात तो चुन्याचा आणि माशाच्या तेलाचा लेप दिला. दर वर्षी पावसाआधी राखणदार तो नव्याने लावायचा आणि दोन दिवस सगळं तळं बांगड्यासारखं वास मारायचं. चित्रातला तो पांढरा रंग बर्फाचा होता, असं मी एकदा माझी विद्वत्ता वापरून त्याला सांगितलं.

"बर्फ हाडूचो तर जेटीवरसून," तो म्हणाला, जणू मी बर्फ आणायलाच सांगत होतो. "तो मासळेकच पुरना नाय, मास्तरानू."

मग साहेबाच्या नातवाने बंगला पाहुण्यांना राहण्यासाठी खुला करायचं ठरवलं. पुण्याहून वास्तुतज्ज्ञ बाई आल्या. दारात इतिहासाचा फलक लागणार होता आणि गावातला इतिहासाचा मास्तर म्हणून मजकूर मी लिहायचा होता. त्यानंतर राखणदार रोज दुपारी नीरफणस घेऊन माझ्याकडे येऊ लागला. बसायचा, हवेवर बोलायचा, जायचा. पाचव्या नीरफणसाला त्याचं तोंड उघडलं.

"सायबाचा नाव रवांदे मोठ्या अक्षरात. खाली, बारीक अक्षरात, माझ्या बापाशीचा घाला."

मी घातलं. बाईंनी विचारलं, "याला पुरावा काय?" कागद कुठेच नव्हता. जन्मभर मी स्वतः लोकांना हाच प्रश्न विचारत आलो होतो. तो इतका उद्धट वाटू शकतो, हे त्या दिवशी कळलं. नाव गेलं. पाठोपाठ मूळ रूप आणायचं म्हणून बाईंनी छपरावरचा चुनाही खरवडून घेतला.

तो फाटकापाशी उभा राहून बघत होता. "आता गळतला," एवढंच बोलला. कुणी वर बघितलं नाही. फाटकाची चावी पडवीतल्या खुंटीला लावून तो वेंगुर्ल्याला मुलीकडे राहायला गेला आणि पावसाळ्याच्या आधीच तिथे वारला.

आषाढात दिवाणखान्यात अकरा बादल्या लागल्या. मी ज्याला भोळेपणा समजत होतो, तो होडीवाल्याचा हिशेबी शहाणपणा होता. पाणी आत येऊ नये हे त्याला चित्रापेक्षा जास्त कळत होतं. चुन्यात तेल किती घालायचं ते आता फक्त राखणदाराच्या मुलीला ठाऊक होतं. लहानपणी लेप ढवळायला तीच असायची. नातू आणि बाई वेंगुर्ल्याला तिच्या दारात जाऊन उभे राहिले, सोबत मी. तिने चहा दिला, पेले विसळले आणि मग म्हणाली, "आदी आज्याचा नाव घाला. चुनो मगे."

फलक आता लागला आहे. साहेबाच्या नावाखाली, बारीक अक्षरात, होडीवाल्याचं नाव आहे. पुरावा म्हणून फाइलीत बादल्यांचे फोटो लावले आहेत.