डाव्या सीटवरून गिअर: यवतमाळ ते फुलसावंगी आणि परत

दारव्हा रस्त्यावरची एक साधी दुपार. माझा नवरा मनोहर मोरीत घसरला होता आणि त्याचा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तरी नणंदेकडे बारशाला जायचंच, आणि जायचं तेही आपल्याच गाडीने, हा त्याचा हट्ट.

"क्लच मी दाबतो, गिअर तू टाक," तो म्हणाला.

"मला कुठे येतं?"

"कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी चार रेघी वहीत एवढं वळण लावलंय, एक एच काढता येत नाही तुला? मी 'हं' म्हटलं की टाकायचा."

गिअरच्या मुठीवर खरंच इंग्रजी एचसारखी आकृती कोरलेली होती. त्याने "हं" म्हणायचं आणि मी डाव्या सीटवरून, उजव्या हाताने, पहिल्याचा दुसरा करायचा. आज कोणी असं करू नये, आम्हीही करायला नको होतं. पण दारव्हा येईपर्यंत आमचं इतकं छान जमलं की प्लास्टर निघाल्यावरही ती सवय सुटली नाही. मोकळ्या रस्त्यावर तो "हं" म्हणायचा आणि माझा हात आपोआप जायचा. भांडण झालेलं असलं, अबोला असला, तरी "हं" चालू असायचं. आमची लेक मुग्धा मागच्या सीटवरून म्हणायची, "तुम्ही नक्की बोलताय की नाही बोलत आहात?"

मनोहर जाऊन दोन वर्षं झाली. मग मी लायसन्स काढलं. ड्रायव्हिंग स्कूलचे सर रोज वैतागायचे: "मॅडम, उजवा हात गिअरवर कायले नेता? स्टीअरिंग कोन धरन?" माझ्या उजव्या हाताला सगळे गिअर पाठ होते, डाव्याला एकही नाही. तरी शिकले. जुनी गाडी आता भंगारात गेली. तिच्या गिअरची काळी मूठ तेवढी मी काढून घेतली, ती पर्समध्ये असते.

आता नवी घ्यायची आहे, कारण रोज सकाळी मला लोहाऱ्याच्या वसतिगृहात मुलींना इंग्रजी शिकवायला जायचं असतं. गाडी ठरलेली आहे. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटेल. छोटीच, पण स्पोर्टी: सीटला लाल दोऱ्याची शिवण, मागे दोन सायलेन्सर, आवाज जरा गुरगुरणारा. मनोहर शोरूमच्या काचेला नाक लावून बघायचा ती. प्रश्न होता प्रकाराचा. एक गिअरवाली. दुसरी ऑटोमॅटिक. तिसरीही ऑटोमॅटिकच, पण स्टीअरिंगमागे दोन खटके असलेली. त्यांना पॅडल म्हणतात. ते पोरांचे खेळ समजून मी तिसरी आधीच बाद केली होती.

मुग्धा पुण्याहून रोज फोन करायची. "आई, गुडघा बघ तुझा. क्लच नकोच."

शोरूमवाले दारव्हा रोडवर एक फेरी मारून आणतात आणि "कशी वाटली?" म्हणतात. तेवढ्यात काय कळणार? सोमवारी त्यांना उत्तर द्यायचं होतं. तेव्हा आठवली संगीता राठोड. माझी जुनी विद्यार्थिनी, आता दिग्रसला बँकेत आहे. तिच्याकडे गिअरवाली, आणि फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावर तिच्या भावाकडे, विलासकडे, पॅडलवाली. विलासची गाडी यवतमाळला सर्व्हिसिंगला यायचीच होती. ठरलं: जाताना संगीताची, येताना विलासची.

शनिवारी सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी बायकांनीच भरलेली. माझ्यामागे एकीने पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली होती.

"सरका वं बाई, हे काय तुमच्या घरचा सोफा हाये का?"

"सोफा असता तं तुले बसू देलं असतं का मी?"

दोघी हसल्या, आणि दारव्ह्याला उतरेपर्यंत एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत होत्या. मी खिडकीतून बघत होते. जानेवारीत या रस्त्याला जावं. तूर काढणीला आलेली, हरभरा हिरवागार, आणि कापसाच्या ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना लटकलेला. बारसं झालं ते घर दिसलं. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

दिग्रसला संगीता स्टँडवर उभी. पोहे आणि चहा झाला, तिने मला पैसे देऊ दिले नाहीत. जिनिंग मिलबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, त्यातून गाडी काढून तिने गावाबाहेर किल्ली माझ्या हातात दिली.

"घ्या मॅडम. आता मी विद्यार्थी नाही, पॅसिंजर."

प्रवासाची आणि गाडीची माहिती हवी असलेल्यांसाठी: दिग्रस ते पुसद रस्ता चांगला, पुसदच्या आधी चढउतार आणि वळणं. ही गाडी वळणावर रस्त्याला चिकटून राहते. पण सस्पेन्शन कडक आहे, स्पीडब्रेकर कमरेला कळतो, आणि बसायचं इतकं खाली की उतरताना कुणाचा तरी हात लागतो. क्लच मात्र हलका, माझ्या जुन्या गाडीपेक्षा पुष्कळ हलका. मोकळ्या रस्त्यावर गुडघा कुरकुरला नाही. पुसदच्या बाजारातून निघताना मात्र दर दहा पावलांवर क्लच, आणि तिथे गुडघ्याने आपलं मत सांगितलं.

एका चढावर ते झालं. पुढे उसाचा ट्रॅक्टर, वेग पडला, मी क्लच दाबला आणि तोंडातून गेलं, "हं."

"काय मॅडम?"

काहीच झालं नाही. गिअर बदललाच नाही, कारण मी वाट बघत होते. गाडी मागे सरकायला लागली, मागच्याने हॉर्न दिला. घाबरून मी ब्रेक दाबला, क्लच सुटला आणि गाडी बंद पडली.

बाजूला घेऊन मी तिला सगळं सांगितलं. प्लास्टर, एच, "हं". संगीता ऐकत होती. मग तिने ओढणी खांद्यावर नीट केली आणि उजवा हात गिअरवर ठेवला. "पुढं रस्ता मोकया हाये. म्हना मॅडम, हं."

थोडा वेळ केलं आम्ही. पण संगीताला आपल्या गाडीचा आवाज पाठ, माझ्या "हं"च्या आधीच तिचा हात हलायचा. खर्रकन आवाज यायचा आणि ती म्हणायची, "सॉरी मॅडम, मले राहवतच नाही!" आम्ही खूप हसलो. मग मीच तिचा हात हलकेच बाजूला केला. तिला वाटलं, तिच्या गाडीचा गिअर बॉक्स जाईल म्हणून.

गुंज, महागाव करत फुलसावंगी, आणि तिथून तांडा. संगीताची आई ओट्यावर वाट बघत बसलेली. तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही म्हटलं. ज्वारीची भाकरी, ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, आणि असा ठेचा की पाणी दोनदा मागितलं. याडी माझ्या ताटाकडे कमी आणि गाडीकडे जास्त बघत होती.

"बाई, तुमी स्वतः चालवत आल्या?"

"हो याडी."

"अन् मालक?"

"ते नाहीत आता."

तिने गाडीवरची नजर काढून माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "माहे सासरे सांगत, आमची मानसं बैलावर मीठ लादून जात. दोन्ही अंगाले सारखं वजन पाहिजे. एका अंगाची गोनी उतरली का दुसऱ्या अंगाची घसरते, बैल कितीबी चांगला असू द्या."

"मंग काय करत याडी?" संगीताने विचारलं.

"काय करतीन? त्याच गोनीतलं अर्धं काढून दुसऱ्या अंगाले घालत. बस. चाल पुढं."

विलास म्हणाला, "याडी, मॅडमले गाडी घ्यायची हाये, बैल नाही."

"तं मी काय म्हनून राह्यली?" याडी म्हणाली आणि तिने माझ्या ताटात आणखी भाकरी वाढली.

रविवारी सकाळी विलासने मला त्याची गाडी समजावून दिली. इथे डी, इथे रिव्हर्स, बाकी काही करायचं नाही. "मॅडम, झोप येईन इतकी सोपी हाये. झोपू नका फक्त."

संगीता तिथेच राहिली, विलास दुसऱ्या दिवशी एसटीने येऊन गाडी नेणार होता. मी एकटी निघाले. याडीने डाव्या सीटवर तुरीच्या शेंगांची पिशवी ठेवली आणि तिला बेल्ट लावला, कारण शेंगांच्या वजनानेही गाडी टिंगटिंग वाजत होती.

महागावहून मोठा रस्ता लागतो, थेट आर्णी, यवतमाळ. फास्टॅगमध्ये पैसे असू द्या. रुंद, सरळ, आणि एकट्या माणसासाठी फार लांब रस्ता आहे तो. गाडी आपली आपण गिअर बदलत होती, इतकी अलगद की कळत नव्हतं. डाव्या पायाला काम नाही, डाव्या हाताला काम नाही. तो मांडीवर पडून राहिला, जसा शाळेच्या प्रार्थनेत सिस्टर ठेवायला लावायच्या. सुख होतं, खोटं कशाला बोलू? गुडघा गप्प होता. पण या गाडीत कुणाचीच गरज नव्हती. शेजारी कोणी असतं तरी त्याने काय करायचं होतं?

एका पंपावर पेट्रोलवाल्याने आधी माझ्याकडे, मग डावीकडे शेंगांकडे बघितलं. "काकू, ड्रायव्हर चहाले गेला का?"

"ड्रायव्हर मीच आहे."

"अन् हे साहेब?" त्याने शेंगांकडे बोट केलं. मला हसू आलं, आणि पुढे बराच वेळ ते हसू कुणाला सांगावं ते कळेना. मनोहरला ते तीन दिवस पुरलं असतं.

आर्णीच्या अलीकडे, रस्ता मोकळा, मागे कोणी नाही. माझा उजवा हात स्टीअरिंगवर जरा सरकला आणि बोटांना तो खटका लागला. उजव्या बाजूचा, अधिकचं चिन्ह असलेला. मी तो बघितला. उजवा हात! इतकी वर्षं जे काम त्या हाताचं होतं, तेच त्याच्या बोटाखाली आलं होतं. मी मोठ्याने म्हटलं, "हं."

आणि बोटाने खटका ओढला.

इंजिनाचा आवाज बदलला, गाडी किंचित सैल झाली. पुन्हा. डावा खटका खालच्या गिअरसाठी, तोही ओढून बघितला. गाडी थोडा वेळ ऐकते आणि मग परत आपलंच खरं करते, अगदी मनोहरसारखी. मी आर्णीपर्यंत "हं" म्हणत गेले. म्हणणारीही मीच आणि टाकणारीही मीच. मध्येच रडूही आलं, तेव्हा कडेला थांबले, पाणी प्यायले, चार शेंगा सोलून खाल्ल्या. याडीचं अर्धं काढून दुसऱ्या अंगाला घालणं मला तिथे समजलं. भार तोच राहतो. फक्त चालता येतं.

आता तुमच्यापैकी जे गाडी घेणार आहेत त्यांच्यासाठी: गुडघे चांगले असतील आणि रस्ता मोकळा असेल तर गिअरवाली, तिची मजा वेगळी. गावात रोज फिरायचं, गर्दीच्या दत्त चौकातून दिवसातून दोनदा जायचं, तर ऑटोमॅटिक. पॅडलसाठी जास्तीचे पैसे द्यायची रोजच्या वापराला खरं तर काही गरज नाही. मी देणार आहे.

सोमवारी शोरूममध्ये सांगितलं, तिसरी. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, गाडीच्या विम्याला नॉमिनी कोण?" मी मुग्धाचं नाव दिलं. पण घरी आल्यावर, शेंगा सोलत बसले असताना, वाटलं की नीट लिहून ठेवावं. मुग्धा हे वाचतेच.

तर मुग्धा, माझ्यानंतर गाडी संगीताला द्यायची. तुझ्याकडे पुण्यात पार्किंग नाही, आणि ती माझ्या "हं"ला हात पुढे करणारी एकटी पोरगी. राग मानू नकोस. मनोहरचा काळा चष्मा, जो जुन्या गाडीत असायचा, तो विलासला. त्याला शोभेल. माझ्या पाठीमागची छोटी उशी याडीला, तिची कंबर दुखते. ती नसली तर तिच्या ओट्यावर ठेवून ये. इंग्रजीची सगळी पुस्तकं लोहाऱ्याच्या मुलींना, आणि त्यांच्यावर नाव टाकू नका कुणाचं.

जुन्या गाडीच्या गिअरची मूठ तुला. कपाटात ठेवू नकोस, हातात घेऊन बघ. वरचं एच पुसट झालं आहे आणि मूठ दोन्ही बाजूंनी झिजली आहे. उजवीकडची झीज तुझ्या बाबाची. डावीकडची माझी.