पावसानं केलेलं काम

वस्तीत त्यांना सगळे डासवाले काका म्हणत. वीस वर्षं ते आरोग्य खात्यात फवारणीचं काम करत होते.

एका वर्षी पाऊस असा कोसळत राहिला की गटारं आणि डबकी धुऊन निघाली, डासांच्या अळ्याही वाहून गेल्या. तापाचे रुग्ण एकदम घटले. फवारणीचा पंप बिघडल्यामुळे काका तेव्हा दोन महिने नुसते बसून होते. तरी साहेबांनी बोलावून त्यांच्या हातात प्रशस्तिपत्र ठेवलं.

"साहेब, हे पावसानं केलंय," काका म्हणाले.

"पावसाला प्रशस्तिपत्र देता येत नाही. घ्या गुपचूप."

पुढच्या वर्षी पावसानं दडी मारली. नळाला चार दिवसांआड पाणी येऊ लागलं, तेव्हा लोकांनी पिंपं, बादल्या, पातेली, जे मिळेल ते भरून ठेवलं. त्या साठवलेल्या पाण्यात डासांचं चांगलंच फावलं. काका दारोदार फिरले. "पिंप घासून कोरडं करा," म्हणाले की बायका त्यांच्या अंगावर धावून येत. मग ते स्वतःच फडकी बांधून पिंपांची तोंडं झाकत. पायांचे तुकडे पडले, पण ताप वाढायचा तो वाढलाच, आणि कामात हयगय केल्याची नोटीस काकांच्या घरी आली.

बायकोनं ती दोनदा वाचली. "आता उत्तर काय देणार?"

"पाऊस पडला नाही, असं लिहितो."

त्यांनी खरंच तेवढंच लिहिलं. आठवड्यानं शेरा आला: 'खुलासा समाधानकारक नाही. यापुढे असे होऊ देऊ नये.'