सोबत कोण येणार?

ताईच्या नंबरवरून फोन आला, म्हणून मी नेहमीसारखा खेकसतच उचलला, "बोल, आता काय बिघडलं तुझ्या ॲपचं?" आजारपणातही तिचे असले फोन चालूच होते. पण पलीकडे ताई नव्हती, मामी होती. "दिन्या, हर्षा गई रे..." एवढंच म्हणाली. फोन बंद करायचं तिला सुचलं नसावं. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं, आणि मी वेड्यासारखा "हॅलो, हॅलो" करत राहिलो. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. ज्या नंबरवरून मी आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्याच नंबरवरून ही बातमी यावी, हे अजून माझ्या पचनी पडलेलं नाही.

हर्षाताई माझी मामेबहीण. माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी, पण तेवढ्या भांडवलावर तिने जन्मभर माझ्यावर हुकूम गाजवला. पुण्यात एका कंपनीत ती मोबाइल ॲपची आखणी करायची. कुठलं बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, हे तिचं काम. मी नंदुरबारला कॉलेजात संगणक शिकवतो. मामा जाऊन बरीच वर्षं झालेली, ब्राह्मणपुरीच्या घरात मामी एकटीच. कोरोनाची लस आली तेव्हा ताईने पुण्यात बसून, मोबाइलशी रोज झटापट करून, मामीसाठी शेजारच्या गावातल्या केंद्रावरची वेळ मिळवली. काय तो आनंद! सगळ्या नातेवाइकांना फोन झाले. त्या दिवशी मामी इस्त्रीचं लुगडं नेसली, आधारकार्ड पिशवीत टाकलं आणि ओट्यावर बसून राहिली. संध्याकाळी ताईने विचारलं, "टोचलं का वं माय?" मामी म्हणाली, "नही गऊ." का? तर, "मन्हासंगे कोण व्हतं?"

आता ही मामी कशी, तर रानात एकटी जाईल, विंचू चपलेने चेचेल. पण दवाखान्यात एकटं जायचं म्हटलं की तिचे पाय उचलत नाहीत. आणि तिचंच कशाला? आपल्याकडे एक जण आजारी पडला की चौघं जीपमध्ये बसतात. कुणी पिशवी धरतं, कुणी डॉक्टरांशी बोलतं, आणि एखादा नुसताच येतो. ताई आधी मामीवर भडकली. थोड्याच दिवसांत लॅपटॉप घेऊन गावी आली, मामीचा हात धरून तिला लस देऊन आणली, आणि परत पुण्याला काही गेलीच नाही.

मग मला फर्मान निघालं. आपल्या भागातल्या माणसांना आज कुठल्या केंद्रावर लस आहे ते दिसेल आणि तिथली वेळ घेता येईल असं ॲप करायचं. केंद्रांशी बोलून वेळा राखून ठेवण्याचं काम एका लहानशा संस्थेने अंगावर घेतलं. आखणी ताईची, बाकीची हमाली माझी. ताईने घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या, त्यांच्या कोऱ्या बाजूवर स्क्रीन रंगवल्या आणि गावोगाव लोकांसमोर त्या मांडून म्हणायची, दाबा बटण. तोरणमाळच्या घाटात मला गाडी लागली, मी अर्धमेला होऊन एका दगडावर बसलो होतो, आणि ही बया एका शिक्षकाला दुभाष्या करून बायकांच्या घोळक्यात रमलेली. एका आजीने पत्रिका उलटून पाहिली आणि विचारलं, लग्न कुणाचं आहे? ताई इतकी हसली... ते हसणं मला अजून ऐकू येतं. सगळी बटणं दाबून झाल्यावर त्याच आजीने शेजारणीकडे बघून काहीतरी विचारलं. शिक्षकाने सांगितलं, त्या म्हणताहेत, माझ्याबरोबर ही येईल ना?

परतीच्या वाटेवर ताईने नवी स्क्रीन काढली. वर एकच प्रश्न, "सोबत कोण येणार?" खाली तीन बटणं, घरचं माणूस, शेजारचं माणूस, कोणी नाही. मी कडाडून भांडलो. ठिकाण, वेळ, नाव एवढ्यात काम होतंय, ही नसती उठाठेव कशाला? ती म्हणाली, "तू कधी एकला गया का रे दवाखानामा?" मी म्हटलं, बरं, एखादीने 'कोणी नाही' दाबलं, तर तुझं ॲप काय करणार, तिच्या गळ्यात पडून रडणार? त्यावर ती शांतपणे म्हणाली, "फोन लावी. त्या गावना एका माणूसले." आणि असं रिकामं माणूस प्रत्येक गावात कुठून आणायचं? "ब्राह्मणपुरीकरता मन्हा नंबर टाक," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

टाकला. मला वाटलं होतं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. पण हळूहळू इतर गावांतूनही कुणी ना कुणी आपला नंबर देत गेलं. कोरोना ओसरला, ॲप लहान मुलांच्या लसींसाठी चालू राहिलं, आणि ताईचा फोन वाजत राहिला. पुण्याच्या साहेबांशी चाललेली मीटिंग अर्ध्यावर टाकून ती चपला घालायची. कुणाची म्हातारी, कुणाचं तान्हं. मी चेष्टेने म्हणायचो, एवढं शिकून शेवटी सोबतीण झालीस! ती म्हणायची, पगार नाही, पण चहा चांगला मिळतो.

आणि हीच ताई, स्वतःच्या छातीत गाठ लागल्यावर, कुणाला काही न सांगता एकटी गाडीत बसून सुरतला तपासून आली. एकदा नव्हे, अनेकदा! मला कळलं तेव्हा मी अक्षरशः ओरडलो. जगाला विचारत सुटलीस, सोबत कोण, सोबत कोण, आणि स्वतः? ती म्हणाली, "आईले सांगतू त ती संगे येती... तिन्हा चेहरा दखीसन मी खचनू असतू." मला राग आला होता, तो अजूनही आहे, आणि तो आता कुणावर काढू? त्यानंतर मात्र प्रत्येक वेळी मी गाडी चालवली आणि मामी मागे तिच्याजवळ बसली. शेवटी शेवटी ताईला दोन वाक्यांतच धाप लागायची. तरी मामीला खुणेने विचारायची, फोन चार्जिंगला लावला का?

परवा मी ब्राह्मणपुरीला गेलो होतो ते ॲपमधून ताईचा नंबर काढायचा म्हणून. दिवंगत माणसाला फोन लागणं बरं नव्हे. पण ज्या घरी फोन वाजतो तिथे विचारून मगच काढावा, असं वाटलं. विषय कसा काढावा या विचारात मी चहा पीत होतो, तेवढ्यात कोनाड्यात ताईचा फोन वाजला. मी हात पुढे करेपर्यंत मामीने उचललासुद्धा. "हा, बोल माय... हर्षा नही शे. मी तिन्ही माय बोली ऱ्हायनू." मग ती ऐकत राहिली. "कोणी नही का संगे? मंग मी येस ना. तठेच थांब." फोन पदराला पुसून तिने कमरेला खोचला आणि मला म्हणाली, "चाल रे, गाडी काढ."

गावाबाहेरच्या वस्तीतली पोरसवदा आई होती. नवरा कामाला गुजरातेत, कडेवर गोवराच्या इंजेक्शनाचं बाळ. ती भिलीत बोलत होती, मामी अहिराणीत, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. केंद्र तेच, जिथे एकटीने जायला नको म्हणून मामी एके काळी लुगडं नेसून दिवसभर ओट्यावर बसली होती. दारातच नर्सबाईने त्या पोरीला विचारलं, "सोबत कोण आहे?"

पोरीने मागे वळून पाहिलं. मामी पुढे झाली, बाळ आपल्याकडे घेतलं आणि म्हणाली, "मी शे ना."