टाकीतले पत्रे

अग्निशमन गाड्या बांधणाऱ्या कंपनीने मला फसवलं, आणि अग्निशमन दलालाही. या गाड्यांच्या पाण्याच्या टाक्या माझ्या चाकणच्या शेडमध्ये बनतात. वळणावर सगळं पाणी एका बाजूला धावून गाडी कलंडू नये, म्हणून टाकीत आतून अडवणारे पत्रे लागतात. खर्च वाचवायला कंपनीच्या साहेबाने ते ड्रॉइंगमधून काढून टाकले. मी भांडलो, तर हसून म्हणाला, "भाऊ, तुम्ही वेल्डिंग बघा, डिझाइन आमच्यावर सोडा."

"मग टाकी भरून गाडी वळवून दाखवा."

"आधी पूजा होऊ द्या, राव! हार घातलेल्या गाडीत कोणी पाणी भरतं का?"

नारळ फुटला, रिकामी गाडी मैदानात झोकात फिरली, टाळ्या पडल्या. पुढे आग विझवायला निघालेली भरली गाडी पुनावळ्याच्या वळणावर कलंडली आणि चालकाचा खांदा मोडला. आता कंपनीने सगळ्या गाड्या परत मागवल्यात आणि कारण दिलंय माझ्या कच्च्या वेल्डिंगचं. माझा एकही सांधा उघडलेला नाही. टाकी कापा आणि बघा. पत्रे कोणी काढले, हे त्या साहेबाने चालकासमोर उभं राहून सांगितलंच पाहिजे.