पालथं झोपायला सांगणारी डॉक्टरीण

सन दोन हजार एकवीस. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, अन् तोवर कोणाच्या सांगण्यावरून कूसही बदललेला माणूस नव्हतो. शाळा तिसरीपर्यंतच, पण तेलंगणातल्या बेला मंडलात, आमच्या गावात भांडणं तुटायची ती माझ्याच ओसरीवर.

करोनाच्या त्या उन्हाळ्यात बायकोला धाप लागली. बोलता बोलता शब्द तुटू लागले. ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले मोठे डॉक्टर स्वतःच आजारी पडून घरी. सगळा कारभार एका तेलुगू डॉक्टरणीच्या गळ्यात, माझ्या नातीच्या वयाची पोरगी. आत जागा नव्हती, तर तिनं व्हरांड्यात गाद्या टाकल्या. आम्हाला तारेच्या कुंपणाबाहेर बसवलं, पण आपलं माणूस दिसेल असं. ऑक्सिजनची गाडी निघाली म्हणायचे, येत काही नव्हती.

तिनं बायांना सांगितलं, "पालथे झोपा. छातीत हवा जास्त जाते."

कोणी हललं नाही. आमच्याकडे लग्न झालेली बाई पालथी झोपली तर नवऱ्याचं आयुष्य तुटतं म्हणतात. बायकोनं मान हलवली अन् माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टरीण कुंपणापाशी आली अन् मला तेलुगूत आजोबा म्हणाली. "ताता, तुमी सांगा. तुमचं ऐकते ती."

"मी काऊन सांगू? चार लोकांत बाईमाणूस पालथी पडन? तूच झोपून दाखव ना बाई!"

मी टोमणा मारला होता. ती खरंच झोपली. प्लास्टिकच्या झग्यासकट, दोन गाद्यांच्या मधात, फरशीवर तोंड खाली करून.

एक म्हातारी धापा टाकत म्हणाली, "अवं माय, हिचं त लगनच नाही झालं! हिले काय भेव?"

"बरोबर, आज्जी," ती तशीच पडून म्हणाली. "मला नवरा नाही. तुमी तुमच्या नवऱ्याला विचारा."

सगळ्या बाया कुंपणाकडे पाहू लागल्या. म्हणजे माझ्याकडे.

मी बायकोवर ओरडलो, "वळ! माह्यं मी पाहून घेतो."

"तुमाले काई झालं त?"

"मले काय होते? वळ म्हणतो ना!"

ती वळली. तिचं पाहून बाकीच्याही वळल्या. संध्याकाळी तिचा श्वास जरा खाली बसला, डॉक्टरणीनं लांबूनच मला मान डोलावून दाखवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको गेली. ऑक्सिजनची गाडी त्यानंतर आली.

डॉक्टरीण सांगायला आली, पण माझ्याशी बोलता बोलताच पाठ फिरवून पळाली. मला राग आला. मग दिसलं, पलीकडच्या गादीवरची बाई पालथीची उताणी झाली होती.

गावात पोचलो तर तोंडोतोंडी एकच. "पालथी घातली, म्हणून गेली." शेजाऱ्याची सून तापानं फणफणलेली, तिलाही धाप. दवाखान्यात न्यायचं नाही, असं ठरवून ते बसलेले. मी दारातून हाक मारली तर शेजारी म्हणाला, "बाबाजी, तुमच्या घरी सुतक आहे. आमच्या आंगनात पाय टाकू नका."

मी घरी आलो. बायकोची गोधडी अजून दोरीवरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोवाल्याला बोलावणं धाडलं, ती गोधडी शेजाऱ्याच्या अंगणाच्या मधोमध टाकली, अन् सगळं गाव पाहत असताना तोंड खाली करून पालथा झोपलो. म्हटलं, सून ऑटोत बसेपर्यंत मी उठत नाही.